भाकरीला चमचा

सहा कडक भाकऱ्या. त्यांच्यापायी काल ओट्यावर काय काय निघालं ते आधी मोजून सांगतो, शिव्या नंतर. पुठ्ठ्याची रंगीत खोळ एक. त्यावर ताणून बसवलेलं पातळ प्लास्टिक. आत झाकणाचा पारदर्शक डबा. डब्यात खाचाखाचांचा काळा ट्रे. ट्रेत प्रत्येक भाकरी आपापल्या पाकिटात. सहा भाकऱ्या, सहा पाकिटं, जशा काही सहा जावा एकमेकींशी बोलत नाहीत. ओलावा शोषायची पांढरी पुडी. शेंगा चटणीचं चकचकीत पाऊच, वर 'फ्री'. आणि पाऊचला चिकटपट्टीनं लावलेला प्लास्टिकचा चमचा.

चमचा. भाकरीला.

अहो, कडक भाकरी आहे ती! तिचा जन्मच टिकण्यासाठी. माझी आजी मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापायची, भाजून चुलीच्या कडेला उभ्या करायची, पार वाळल्या की जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून डालीत. महिनाभर हात लावायला नको. पाणीच उरलं नाही तर बुरशी येणार कुठून, एवढं साधं गणित. आणि ही पुडी कुठला ओलावा शोषणार म्हणे? एप्रिलमध्ये? सोलापुरात? इथं माणूस वाळून कडक व्हायलाय, नळाला पाणी यायचं तर कॅलेंडरवर खुणा कराव्या लागतात, आणि भाकरीला ओलाव्याची भीती!

"मोडू नयेत म्हणून ट्रे असतोय काका," दुकानातलं पोरगं म्हणालं. एक तर काका म्हणू नको. दुसरं, अरे बाळा, मी ती आमटीत चुरायलाच घेतोय. आणि तिसरं, एवढं सगळं करून दोन मोडलेल्याच निघाल्या.

पाऊच हातानं फाटेना. दातानं फाडलं. तेल शर्टावर. मग सकाळी घंटागाडी आली, तर ते तेलकट पाऊच कुठल्या डब्यात टाकायचं? ओला की सुका? गाडीवरच्या मावशींनी ते चिमटीत धरलं, माझ्याकडं बघितलं, काही न बोलता सुक्यात टाकलं. त्या बघण्यात सगळं आलं.

कारण त्यांना माहीत आहे, ते पाऊच कुठंच जाणार नाही. दुधाची पिशवी भंगारवाला घेतो, बाटली घेतो, चिप्स-फरसाणाचं चकचकीत पाकीट मात्र कोण घेत नाही. ते एक प्लास्टिक नसतंच. वर छपाईचा पापुद्रा, मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा, आत चिकटून बंद होणारा तिसरा थर. एकमेकांना असे चिकटवलेले की सोडवणं परवडत नाही. आत अर्धी हवा, म्हणजे नायट्रोजन. चिप्स कुरकुरीत राहावेत आणि चेपू नयेत म्हणून असतो, कळलं. पण दहा रुपयांत मूठभर बटाटा आणि बाकी वारं, हे दुःख वेगळंच आहे. पाच मिनिटांत पोटात जाणाऱ्या खाऊला नातवंडांच्या नातवंडांपर्यंत पुरणारं वेष्टण!

आणि नियम? तो किस्सा तर ऐकाच. २०१६ च्या केंद्राच्या नियमात लिहिलं होतं, ज्याचा पुनर्वापर होत नाही असं बहुपदरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद. छान. दोन वर्षं झाली, २०१८ उजाडलं, आणि बंद काय झालं? नियमातलं वाक्य. दुरुस्ती आली : जाळून ऊर्जाही मिळत नाही आणि दुसरा काही उपयोगही नाही, तेवढंच बंद. म्हणजे जळतंय ना, मग चालतंय. सिमेंटच्या भट्टीत घाला आणि हात झटका. त्याच २०१८ च्या मार्चमध्ये आपल्या राज्याची प्लास्टिकबंदी. पातळ पिशवी सापडली की भाजीवालीला पहिल्या खेपेला पाच हजार. कारखान्यातून भरून आलेल्या पाकिटाला मात्र मुभा. कोथिंबिरीची जुडी गुन्हेगार, फरसाण निर्दोष.

लग्नातल्या त्या चिमुकल्या पाण्याच्या बाटल्यांवर मी आत्ता बोलत नाही. दोन घोट पिऊन खुर्चीखाली सोडतात आणि परत नवीन घेतात, त्यांच्यावर तर अजिबात नाही. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठल्यावर होम मैदानावर वारा सुटला की काय काय उडतं, तेही सोडा. आणि दुकानदार 'कापडी आहे ओ' म्हणून जी हिरवी पिशवी गळ्यात मारतात, तीसुद्धा प्लास्टिकच, पॉलिप्रॉपिलीन. हेही मी शांतपणे सांगतोय. चादरी-टॉवेलांचं गाव हे! ज्या गावात मागांचे धोटे खडखडले, तिथं पिशवीला कापड मिळेना?

मिळतं. माझ्या स्कूटरच्या डिकीत गेले आठ महिने दोन कापडी पिशव्या घडी घालून आहेत. दुकानात शिरल्यावर आठवतात.

आणि आता सुरू केलंच आहे तर पुढचंही सांगून टाकतो. त्याच दुकानात दारापाशी टोपलीत सुट्या भाकऱ्या होत्या. कागदात बांधून देत होते, जवळपास निम्म्या किमतीत. पण भाचीच्या सासरची मंडळी पुण्याहून आलेली. त्यांच्या हातात रद्दीत बांधलेल्या भाकऱ्या कशा द्यायच्या? म्हणून मीच, याच तोंडानं, विचारलं होतं, "जरा बऱ्यापैकी पॅकिंगमध्ये काही आहे का?" पोरगं बिचारं मागं जाऊन दोन खोकी घेऊन आलं. एक पाहुण्यांना दिलं, एक घरी आणलं. पाहुणे म्हणाले, "अय्या, किती छान पॅकिंग!" मी ऐटीत म्हणालो, "आमच्या सोलापुरात आता सगळं मिळतं."

ओट्याखाली आमच्या घरी पिशव्यांनी भरलेली एक पिशवी आहे, ती उघडायची आता कोणाची हिंमत होत नाही.

आज सकाळी बघतो तर आईनं सहाच्या सहा पाकिटं धुऊन दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेली. ट्रे घासून उपडा. "टाकायचा नाही हां," म्हणाली, "सुईदोऱ्याला होईल, खाचा चांगल्या आहेत." पुडीसुद्धा तिनं तिखटाच्या डब्यामागं सरकवून ठेवलीय, कशासाठी ते तिलाच ठाऊक.

चमचा चटणीच्या बरणीत गेलाय. बारीक आहे, तळापर्यंत पोचतो.