'प' वर अडणाऱ्या बाईचं वाचन

मी 'प' वर अडते. लहानपणापासून. ओठ मिटतात आणि उघडायचं नाव घेत नाहीत. त्यामुळे चर्चच्या उपासनेत शास्त्रवाचनासाठी, म्हणजे बायबलमधला उतारा मोठ्याने वाचायला, कोण तयार आहे असं विचारलं, की मी लगेच चपलांकडे बघायला लागते. कुणी आग्रह केलाच तर उत्तर तयार असतं, "अहो, माझ्यापेक्षा चांगलं वाचणारे कितीतरी आहेत." यावर पुढे कुणी काही बोलत नाही. नम्र बाई आहे, असंच सगळ्यांना वाटतं. बरीच वर्षं मलाही तसंच वाटायचं.

बायबलमध्ये मत्तय 25 मध्ये येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे: परगावी जाताना मालक तीन चाकरांकडे पाच, दोन आणि एक तालंत अशी आपली रक्कम सोपवतो. त्यातल्या शेवटच्या चाकराबद्दलही माझा असाच गैरसमज होता. पाच आणि दोन तालंतवाल्यांपुढे बिचाऱ्याला एकच मिळाला, म्हणून त्याने तो जमिनीत पुरला, असं मी धरून चालले होते. पण एक तालंत म्हणजे साधारण 6000 दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मांडा हिशेब. 20 वर्षांची कमाई होते! आणि मालकापुढे उभा राहिल्यावर तो "मला कमी दिलंत" असं म्हणतच नाही. तुम्ही कठोर आहात, मला भीती वाटली, असं म्हणतो. इथे मी सापडले. माझ्या नम्रतेच्या पोटात भीतीच होती, आणि थोडा तोराही. वाचलं तर उत्तमच वाचीन, नाहीतर नाहीच!

मोशेचं तर काय सांगावं. माझ्या लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून बाहेर काढ, असं देव त्याला सांगतो, आणि हा एकेक सबब पुढे करतो. मी कोण, लोकांना तुझं नाव काय सांगू, ते विश्वास ठेवणार नाहीत, माझी जीभ जड आहे. देव एकेका सबबीला शांतपणे उत्तर देतो. त्याचा राग भडकतो तो "दुसऱ्या कुणाला तरी पाठव" म्हटल्यावर. (म्हणजे माझ्याच वाक्यावर.) तरी सोबतीला त्याचा भाऊ अहरोन देतोच. मोशेची जीभ नंतर सुटली, असं मात्र बायबलमध्ये कुठे लिहिलेलं नाही. बायबलच्या 'निर्गम' पुस्तकात (4:10) तो स्वतःला 'शब्दांचा माणूस' नाही म्हणतो, तिथे मूळ हिब्रूत 'दवारिम', म्हणजे 'शब्द', असं आहे. आणि ज्यात जवळजवळ सगळी त्याचीच भाषणं आहेत, त्या बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचं हिब्रू नावही 'दवारिम'च. हे कळलं तेव्हा मी एकटीच हसले.

तर गेल्या महिन्यात हो म्हटलं. वाट्याला आलं स्तोत्र 23. सहाच वचनं, पण पहिलाच शब्द 'परमेश्वर'! शेवटच्या वचनात पुन्हा तोच. घरी आरशापुढे दहादा वाचलं, दहाही वेळा अडले. उपासनेत वाचायला उभी राहिले, ओठ मिटले. पुस्तकावरचा अंगठा घामाने पानाला चिकटला. समोर कुणी खोकेना, कुणी पान उलटेना. मग 'प... प...' करत निघाला एकदाचा. मधली वचनं बरी गेली, शेवटी पुन्हा गाडी अडली.

बाहेर आल्यावर एका पोराने सांगितलं, "मावशी, मी मोजले. पहिल्यांदा सात 'प' झाले, शेवटी चारच."

पुढच्या रविवारी पुन्हा माझं नाव आहे. स्तोत्र 121. 'मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो.' बघा, इथेही 'प' आहेच. पोराला पहिल्या बाकावर बसायला सांगितलंय.