घरीच तर असतोस!

घरून काम करायची परवानगी मिळाली असेल तर आधी अभिनंदन. आता रोज सकाळी म्हापशाच्या बसमध्ये एका पायावर उभे राहून कंडक्टरचे 'फाटीं वच, फाटीं वच' (मागे सर, मागे सर) ऐकायला नको. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामापायी वळवलेल्या वाहतुकीत अडकायला नको. पणजीत पोहोचल्यावर पार्किंगसाठी पाटोपासून सांतिनेजपर्यंत घिरट्या नकोत. हा सगळा वाचलेला वेळ आता तुमचा. म्हणजे तुमच्या आईचा, शेजारच्या काकीचा, पंच झालेल्या मामाचा आणि वाड्यावर ज्या कोणाचा अर्ज भरायचा राहिला असेल त्याचा.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो: आपण काम करतो आहोत हे घरच्यांना पटवून द्यायच्या फंदात पडू नका. आपल्याकडे काम म्हणजे सकाळी डबा घेऊन बाहेर पडणे आणि तिन्हीसांजेला कंटाळलेले तोंड घेऊन परत येणे. मधल्या वेळात त्या माणसाने काय केले हे कोणी विचारत नाही. उलट तुम्ही सोप्यावर खुर्ची टाकून नऊ तास पडद्याकडे डोळे फोडलेत तरी आल्यागेल्याला आई सांगणार, "आहे ना, बसलाय." अगदीच वाईट वाटत असेल तर पायात बूट घालून बसा. बूट घातलेला माणूस दिसला की शेजारी निदान थबकतो आणि विचारतो, "खंय भायर सरला?" कुठेच नाही असे उत्तर मात्र देऊ नका. दिलेत तर शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारातून काय काय आणायचे त्याची यादी हातात पडेल.

दिवसाचे वेळापत्रक स्वतः आखू नका, ते गावात आखलेले आहे. सकाळची मीटिंग नेमकी पाव विकणाऱ्या पोदेराच्या वेळेला असते. तुमची पाळी आली, माइक सुरू केलात, तोंड उघडलेत की दारात पों-पों. बेंगळुरूच्या मॅनेजरला वाटते की तुम्ही हायवेवर आहात. पोळी की उंडे, किती, सुटे पैसे कुठे आहेत, याचा निकाल लागेपर्यंत तुमचा प्रोजेक्ट दुसऱ्याने समजावून सांगितलेला असतो. त्यानंतर मासे विकणारी येते. बांगड्याचा भाव ऐकून आई जे काही बोलते ते हेडफोनमधून तीन राज्यांत ऐकू जाते.

यावर काही हुशार लोक तोडगा सांगतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात, तेव्हा मासळीवरून घासाघीस कमी होते, महत्त्वाच्या मीटिंगा त्या काळात ठेवा म्हणे. जरूर ठेवा. नेमक्या त्याच दिवसांत वारा सुटतो, माडाचे चुडत तारांवर पडते आणि वीज जाते. मग इन्व्हर्टरची बॅटरी आधी फ्रीजला लावायची की राउटरला यावर घरात चर्चा होते आणि सुक्या बांगड्यांना फ्रीज लागत नाही हा तुमचा मुद्दा कोणी ऐकून घेत नाही. मोबाइलवर भिस्त असेल तर गावातली उंच जागा हेरून ठेवा. टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी सांगे तालुक्यातली मुले डोंगर चढून रेंज शोधत होती. तशी एखादी जागा तुमच्याही गावात असेलच, चौथीतल्या पोराला विचारा.

दुपारची तर गोष्टच सोडा. एक वाजता दुकानांची शटरे खाली येतात ती चारच्या सुमाराला वर जातात, आणि नेमके अडीच वाजता क्लायंटला तुमच्याशी तातडीने बोलायचे असते. हळू बोला. क्लायंट गेला तर दुसरा मिळेल, पण शीतकडी, म्हणजे भात-आमटी, खाऊन आडवे झालेले वडील उठले तर संध्याकाळपर्यंत घरात कोणाची खैर नाही.

संशोधनावर विश्वास ठेवणारे असाल तर तुमच्यासाठीही पुरावा आहे. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरात निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला, त्याचा निबंध २०१५ साली छापून आला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. मधल्यामधे उठणे आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या हे त्यातले मोठे कारण. अर्थात शांघायला पोदेर येत नाही. शिवाय भाग घ्यायचा तर घरात स्वतंत्र खोली हवी अशी अट होती. स्वतंत्र खोली आपल्याकडेही असते. तिच्यात तांदळाची पोती, सोललेले नारळ, चवथीला गणपतीच्या वर फळे-फुले टांगायच्या माटोळीची चौकट आणि मुंबईच्या काकांचे कपाट राहते.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, ती मात्र अगदी आपल्या वाड्यावरची वाटते. कामगिरी सारखीच असली तरी घरून काम करणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता कमी होती. म्हणजे शांघायच्या साहेबाचे आणि तुमच्या आईचे मत एकच: घरी असलेला माणूस फारसे काही करत नसावा. प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा दिली तेव्हा अनेकजण एकटेपणाला कंटाळून ऑफिसात परत गेले. एकटेपणाची ही तक्रार तुम्ही वाड्यावर चुकून बोलून दाखवू नका. संध्याकाळपर्यंत चौघे येऊन बसतील आणि चहा तुम्हालाच करावा लागेल.

येताना ते कागद घेऊन येतील. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे, नेट आहे, आणि तुम्ही घरीच असता. काकीला जमिनीचा वन-फोर्टीनचा उतारा काढून हवा असतो, कोणाला गृहिणींसाठीच्या गृहआधार योजनेचा अर्ज बघायचा असतो, कोणाला वीजबिल भरायचे असते, तर कोणाला दुबईच्या मुलाशी व्हिडिओवर बोलायचे असते. महिन्याभरात तुमचा सोपा म्हणजे बिनपगारी सेवा केंद्र. एखाद्याला नाही म्हणालात तर तो रागावणार नाही, तो फक्त देवळाच्या पायरीवर बसून म्हणेल, "शिकली रे पोरं." त्यापेक्षा प्रिंटरची शाई कंपनीच्या खर्चात कशी बसवायची ते शिका.

तुम्ही बाई असाल तर तुम्हाला सल्ल्याची फारशी गरज नाही. घरून काम तुम्ही पहिल्यापासून करत आला आहात, फरक एवढाच की आता त्यातल्या एका कामाचा पगार मिळेल. माइक म्यूट आणि कॅमेरा बंद असताना अर्धा किलो सुंगटे, म्हणजे कोळंबी, सोलून होतात, हे ज्या बाईने पहिल्यांदा हेरले तिचा खरे तर कंपनीने सत्कार करायला हवा. सासूबाई म्हणतील, "बरे झाले, आता तुला वेळ मिळतो." हो म्हणा. त्याच वेळी नवरा आतल्या खोलीत दार लावून महत्त्वाच्या कॉलवर असेल. त्याच्या दारावर कोणी थाप मारत नाही.

लग्न ठरायचे असेल तर मात्र जपून. "मुलगा काय करतो?" "घरी असतो." इथे बोलणी थांबतात. सरकारी कचेरीत कारकून असलेल्या मुलाच्या घरी तोवर लाडू वळायला घेतलेले असतात. महिन्याला त्याच्या तिप्पट कमावता हे सांगून उपयोग नाही, कारण मुलीच्या मामाने तुम्हाला सकाळी अकरा वाजता हाफपँटीत बघितलेले आहे.

ऑफिसचे काय? ऑफिस चांगलेच असते. तिथे एसी असतो, दिवसातून दोनदा चहा मिळतो आणि कोणी नारळ सोलायला सांगत नाही. तुम्हाला ते पुन्हा हवेसे वाटू लागेपर्यंत कंपनीचाही विचार बदललेला असेल. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून लोकांना ऑफिसात बोलावले, अॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस. तुमचीही बोलावील. फक्त ते ऑफिस पणजीत नसेल, पुण्यात किंवा बेंगळुरूत असेल, आणि तिथे एका खोलीचे भाडे भरताना तुम्हाला आसगावात तुमच्या मावशीची खोली भाड्याने घेऊन राहिलेला पुण्याचा मुलगा आठवेल.

त्या मुलाला जरा नीट बघा. तो तेच काम करतो, तशाच लॅपटॉपवर, तसल्याच सोप्यावर, तोही हाफपँटीत. पण मावशी पोदेराला फाटकापाशीच थांबवते, "हळू रे, आत साहेब कामात आहेत." त्याला अकरा वाजता कोकम सरबत मिळते. त्याच्याकडे अर्ज घेऊन कोणी जात नाही. कारण तो भाडे देतो आणि मराठी-कोकणी बोलत नाही असा सगळ्यांचा समज आहे.

तेव्हा माझा शेवटचा सल्ला. ऑफिस नको, पुणे नको, स्वतःच्याच घरात भाडेकरू व्हा. आईला तीन महिन्यांचे भाडे आगाऊ द्या, पावती मागा, खोलीला 'स्टे' असे काहीतरी नाव द्या. ती दारात येऊन विचारील, "जेवायला कधी बसणार?" तिला हिंदीत सांगा की दीड वाजेपर्यंत कॉल आहे. पहिले दोन दिवस हसेल, तिसऱ्या दिवशी ताट झाकून ठेवील. एवढे केलेत की बारा महिने निर्धास्त काम करता येईल. गणेश चवथीचे दिवस सोडून. त्या दिवसांत मावशीकडचा तो पुण्याचा साहेबही लॅपटॉप बंद करून माटोळी बांधायला स्टुलावर चढलेला असतो आणि खालून चार बायका त्याला ओरडून सांगत असतात, सुपारीचा घोस डावीकडे, अरे डावीकडे.