गेम कंट्रोलरवरचं संगीत आणि ‘अर्ध्या सेकंदा’ची लोणकढी

‘गेमच्या रिमोटवर लाइव्ह संगीत? फसू नका!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. लाल उद्गारचिन्हं, मधेमधे जोडलेले हात, शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. असले मेसेज मी न वाचताच पुसते. हा पुसला नाही, कारण दादाने तो थेट स्वतःच्या लेकीला पाठवला आणि खाली लिहिलं, “बघ, लोकांना सगळं कळतं.” माझी ही भाची गेमचा कंट्रोलर हातात धरून इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवते. वाजवायची, म्हणायला हवं. मेसेज आल्यापासून कंट्रोलर ड्रॉवरमध्ये पडून आहे. म्हणून हा खटाटोप.

मेसेजमध्ये पाच दावे आहेत. एक, संगीत आधीच रेकॉर्ड केलेलं असतं आणि कंट्रोलर नुसता दाखवायला. दोन, बटण दाबल्यावर आवाज यायला अर्धा सेकंद लागतो, त्यामुळे तालात वाजवणं अशक्य. तीन, बटणाला फक्त चालू-बंद कळतं, त्यात भाव कुठून येणार. चार, कंट्रोलरच्या ब्लूटूथ लहरी स्पीकरमधून बाहेर पडतात आणि श्रोत्यांचे कान बिघडतात. पाच, खरे संगीतकार असल्या खेळण्यांना हात लावत नाहीत. ज्यांना वाद्य येत नाही तेच लावतात.

चौथ्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि त्या रेडिओलहरी असतात. माणसाचा कान ऐकतो हवेतली कंपनं, तीही साधारण २० ते २०,००० हर्ट्झ. स्पीकरच्या पडद्यातून रेडिओलहर ‘बाहेर पडत’ नाही. कान बिघडतात ते आवाज फार मोठा ठेवल्याने, मग स्टेजवर काहीही वाजत असो.

आता अर्धा सेकंद. हा आकडा कुठून आला ते मेसेजमध्ये नाही, पण लोकांनी सर्वांत जास्त विश्वास ठेवलाय तो याच्यावरच, कारण आकडा दिला की माहिती खरी वाटते. जरा मोजून बघू. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेला बरोबर अर्धा सेकंद लागतो. म्हणजे दावा खरा असेल तर वाजवणारा प्रत्येक वेळी अख्खी एक मात्रा मागे. संगीत सोडा, असल्या कंट्रोलरवर गेम तरी कोण खेळू शकेल? सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये अर्धा सेकंद म्हणजे ३० फ्रेम. तुम्ही बटण दाबेपर्यंत समोरचा तुम्हाला मारून पुढे निघून गेलेला असेल. वस्तू बनलीय तीच मुळी चटकन प्रतिसाद देण्यासाठी, आणि तिच्यावर आरोप काय, तर मंद आहे!

प्रत्यक्षात वेळ कुठे कुठे जातो? कंट्रोलर यूएसबी केबलने जोडला तर तो दर १ ते ८ मिलिसेकंदांनी आपली स्थिती कळवतो. मग कॉम्प्युटर आवाज तयार करतो. आवाज बारीक तुकड्यांत (सॅम्पलमध्ये) मोजला जातो आणि त्यांतले काही साठवून मग एकदम पुढे सोडले जातात, तो साठा म्हणजे बफर. बफर १२८ सॅम्पलचा ठेवला आणि दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पलचा असला, तर त्यात जातात जवळपास ३ मिलिसेकंद. हाच बफर १०२४ वर ठेवला की २३. म्हणजे उशिराचा मोठा वाटा सॉफ्टवेअरच्या एका सेटिंगमध्ये असतो. बिचाऱ्या कंट्रोलरचा त्यात संबंध नाही. त्यापुढे हवा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकर तीन मीटर लांब ठेवला तर तेवढ्यानेच जवळपास ९ मिलिसेकंद गेले.

किती उशीर चालतो याचंही उत्तर आहे, आणि ते माझं नाही. बर्कलीच्या विद्यापीठातल्या डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट यांनी २००१ मध्ये कॉम्प्युटरवर जवळिकीने संगीत कसं वाजवता येईल यावर एक निबंध मांडला. या क्षेत्रात काम करणारे आजही त्याचा आधार घेतात. त्यांची मर्यादा अशी: हाताची हालचाल आणि ऐकू येणारा आवाज यांत १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर नको. शिवाय हा उशीर कमी-जास्त होत असेल तर तो चढउतार १ मिलिसेकंदाच्या आत हवा. केबल, लहान बफर आणि जवळ ठेवलेला स्पीकर किंवा वायरचा हेडफोन एवढं जमवलं, तर पहिली अट पाळता येते. दुसरी अट कडक आहे. दर ८ मिलिसेकंदांनी कळवणारा कंट्रोलर तिच्यात नापास होतो, कारण बटण त्या आठांतल्या नेमक्या कोणत्या क्षणी दाबलं गेलं ते पुढे पोहोचतच नाही. दर मिलिसेकंदाला कळवणारा काठावर पास होतो. बिनतारी जोडणीत हा चढउतार वाढू शकतो. तेव्हा ‘केबल लावा’ असा सल्ला मेसेजने दिला असता तर मी स्वतःच तो पुढे पाठवला असता.

मग अर्धा सेकंद कुणाला जाणवला असेल? माझा अंदाज सांगते. कुणीतरी कंट्रोलर लॅपटॉपला जोडला आणि आवाज ऐकला ब्लूटूथ हेडफोनमधून. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त मागे पडतो. त्यावर मोठा बफर असेल तर विचारायलाच नको. अशा जोडणीत महागडा मिडी कीबोर्डही तितकाच लंगडेल (मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या संदेशांत बोलतात ती ठरलेली भाषा). दोष कानातल्या वस्तूचा आणि शिक्षा हातातल्या वस्तूला.

‘सगळं रेकॉर्डेड असतं’ या आरोपाचं काय? कंट्रोलरमधून संगीत येत नाही, येतात ते आकडे: कोणतं बटण दाबलंय, काडी (अंगठ्याने चहूकडे कलवायची छोटी दांडी) किती कललीय. त्या आकड्यांचं काय करायचं हे कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम ठरवतो. प्युअर डेटा, मॅक्स, सुपरकोलायडर, चक ही त्यासाठी वर्षानुवर्षं वापरली जाणारी सॉफ्टवेअर. आता त्या प्रोग्रॅमने आधीच तयार असलेला ट्रॅक सुरू करायचा की तिथल्या तिथे स्वर निर्माण करायचा, हे वाजवणाऱ्यावर आहे. स्टेजवर तयार ट्रॅक लावून नुसते हातवारे करणारे लोक असतात, हे मला मान्य करावं लागतंय. पण ते कीबोर्डमागेही असतात आणि डीजेच्या टेबलामागेही.

मेसेजचा ‘पुरावा’ असा की एका व्हिडिओत वाजवणारा कंट्रोलर खाली ठेवतो आणि संगीत चालूच राहतं. अहो, लूप आहे तो! चार मात्रांचा तुकडा त्याने तुमच्यासमोरच वाजवला, प्रोग्रॅमने तो पकडला आणि आता फिरवतोय. त्यावर तो पुढचा थर चढवणार. खरंच तपासायचं असेल तर काहीच वाजत नसताना, अगदी पहिल्या थरापासून बघा.

इथे एक अर्धसत्य मात्र आहे, आणि ते नाकारण्यात हशील नाही. कोणत्या हालचालीने कोणता आवाज निघतोय हे श्रोत्याला दिसत नाही. सतारीवर बोट सरकलं की मींड दिसते. कंट्रोलरवर अंगठा दोन मिलिमीटर हलतो आणि अख्खा आवाज पालटतो. शंका येणारच. यावर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे उपाय केलेत. लाइव्ह कोडिंगवाले, म्हणजे स्टेजवरच प्रोग्रॅम लिहून संगीत करणारे, २००४ पासून आपला स्क्रीनच पडद्यावर दाखवण्याचा आग्रह धरतात. स्टॅनफर्डच्या लॅपटॉप ऑर्केस्ट्राने ‘गेमट्रॅक’ वापरला. हे गोल्फच्या गेमबरोबर विकलं गेलेलं यंत्र. जमिनीवर एक ठोकळा, त्यातून निघणाऱ्या दोन दोऱ्या, आणि त्या दोन्ही हातांना जोडलेल्या. हात कुठे आणि किती उंच आहे हे दोरीवरून मोजलं जातं. वाजवणारा हात वर खेचतो, आवाज ताणला जातो, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतं. गोल्फचा गेम कधीच विस्मरणात गेला, त्याची दोरी मात्र संगीतात टिकली.

‘बटणाला फक्त चालू-बंद कळतं’ हे कंट्रोलरवरच्या बऱ्याचशा बटणांबाबत खरं आहे. (२००० सालच्या ड्युअलशॉक २ या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची बहुतेक बटणं तर किती दाबलंय तेही सांगायची, पण ते असो.) कंट्रोलरवर बटणांखेरीजही बरंच काही असतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचा ट्रिगर (तर्जनीने ओढायचा खटका) ० ते २५५ अशा पायऱ्या देतो आणि काडीचा प्रत्येक अक्ष (आडवा आणि उभा) ६५,५३६ मूल्यांच्या पट्टीवर वाचला जातो. उलट १९८३ पासून सगळं जग ज्या मिडीवर चाललंय त्यात साध्या कंट्रोल संदेशाच्या पायऱ्या १२८च. अनेकदा कंट्रोलरच जास्त बारीक बोलतो आणि मिडी त्याला गाळून घेतो.

आणि भाव आणायला प्रत्येक बटणाला जोर कळायलाच हवा असं कुठे आहे? पेटीची पट्टी जोरात आपटली म्हणून स्वर मोठा होत नाही. जोर असतो भात्यात. माझ्या भाचीची मांडणी नेमकी हीच आहे. उजव्या अंगठ्याखालची चार बटणं स्वर निवडतात, त्याच हाताची तर्जनी ट्रिगरवर भाता चालवते, डावी काडी ज्या दिशेला कलते तो कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) लागतो आणि कंट्रोलरच्या डाव्या वरच्या कडेचं बटण दाबून धरलं की सप्तक बदलतं. स्वर दाबून ठेवून ती ट्रिगर हळूहळू सोडते तेव्हा आवाज विरत जातो. चालू-बंदवाल्याने ते एकदा ऐकावं.

त्रास वेगळाच आहे, तो मेसेजवाल्याला सुचलाही नाही. काडी सोडली की स्प्रिंगमुळे मध्यावर परतते, म्हणजे कॉर्ड गेला. डावा ट्रिगर दाबला की काडी असेल तिथे ‘गोठते’ अशी सोय तिला करून घ्यावी लागली. शिवाय काडी नेमकी मध्यावर येतेच असं नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टनेच डाव्या काडीसाठी सुचवलेला मृत पट्टा, म्हणजे मध्याजवळची दुर्लक्षित करायची हालचाल, ७,८४९ आहे, ३२,७६७ पैकी. म्हणजे जवळपास पाव प्रवास वाया. तो कमी करावा तर जुनी, झिजलेली काडी आपोआप सरकू लागते आणि सूरही तिच्याबरोबर.

राहिले ‘खरे संगीतकार’. डच संगीतकार मिशेल वैसविझ १९८४ पासून दोन्ही हातांवर सेन्सर आणि बटणं चढवून वाजवत होते. २००१ पासून नव्या वाद्यांवर ‘नाइम’ नावाची परिषद भरते, तिथे गेम कंट्रोलर ही नेहमीची गोष्ट आहे. डीजे वापरतात त्या ‘मिडी फायटर’वर तर चक्क आर्केड गेमची बटणं आहेत. ज्यांना वाद्य येत नाही तेच हे धरतात, म्हणे! भाची सात वर्षं पेटी शिकलीय, हे दादा विसरलेला दिसतो. फी त्यानेच भरलीय.

आणि समजा कुणी दुसरं वाद्य येत नाही म्हणून, किंवा बोटं तारेवर टेकत नाहीत म्हणून कंट्रोलर धरला, तर? मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये काढलेल्या अॅडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या मागे १९ खोबणी आहेत, प्रत्येकीला वेगळं बाहेरचं बटण लावता येतं: कोपराने दाबायचं, पायाने दाबायचं, डोक्याने दाबायचं. कॉम्प्युटरला तोही साधा कंट्रोलरच दिसतो, त्यामुळे भाचीचा तोच प्रोग्रॅम किरकोळ फेरफार करून त्यावर चालवता येतो. मेसेजने ज्यांना ‘फसवे’ म्हटलंय त्यात हेही येतात.