शिकवायला वेळ देता का कोणी?

सहावीतलं पोरगं 402 वजा 178 चं उत्तर 376 काढतं, म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करून मोकळं, हातचा त्याला कधी कळलेलाच नाहीये, आणि हे सुधारायला काड्यांचे चार गठ्ठे आणि शांत अर्धा तास बास असतो हो! पण तो अर्धा तास आणायचा कुठून? जादा तासाला मुलं बसवली रे बसवली की ऑफिसातून निरोप, मॅडम, आधारची माहिती आजच पोर्टलवर भरा. पोर्टल अर्थात गोल गोल फिरतंय. मग बीएलओची, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची ड्युटी, चाळीचे जिने चढून मतदार शोधा (ती आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना देता येते म्हणे, निवडणुकीचं काम ना!). त्याच कायद्याचं कलम 24 सांगतं की गरज असेल त्या मुलाला जादा शिकवा. कधी शिकवू, रात्रीच्या कर्जत लोकलमध्ये? वर मीटिंगमध्ये आम्हालाच झापणार, अप्रगत मुलं अजून अप्रगत कशी. आणि त्या सहावीतल्या पोराची आई धारावीतून घरकामं उरकून धावत येते, म्हणते, टीचर, जरा लक्ष द्या ना त्याच्याकडे. काय सांगू तिला, एक्सेल भरतेय म्हणून?