डोकं ठिकाणावर, हृदय नाही

ईसीजी काढायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तोही बहुधा चुकीच्या बाजूला येत असावा, कारण माझं हृदय उजवीकडे आहे, यकृत डावीकडे, प्लीहा आणि जठर उजवीकडे. याला सायटस इन्व्हर्सस म्हणतात. साधारण दहा हजारांत एखादा असा निघतो. सगळंच एकजात उलटं असल्यामुळे आतला कारभार सुरळीत चालतो आणि बाहेरून काही दिसत नाही, म्हणून सहानुभूतीही मिळत नाही.

विम्यासाठी तपासणी होती. ईसीजीवाल्या ताईंनी लाल क्लिप उजव्या मनगटाला लावली, पिवळी डाव्या, छातीवर गार जेली फासून सहा गोळे चिकटवले.

"मॅडम, माझं हृदय उजवीकडे आहे."

"घाबरू नका काका, असं बऱ्याच जणांना वाटतं."

कागद सरसरत बाहेर आला. त्यांनी तो पाहिला, मग मला पाहिलं. "हललात का?" नाही म्हटलं. पुन्हा कागद. "वायरी उलट्या लागल्या वाटतं," म्हणत त्यांनी लाल-पिवळीची अदलाबदल केली. तेवढा आलेख सुधारला, त्यांचा चेहरा खुलला. पण छातीवरच्या गोळ्यांनी दगा दिला. डावीकडे सरकावं तसे ठोके मोठे व्हायला हवेत. माझे बारीक होत गेले. तिकडे आहे कोण ठोके द्यायला? शेवटी त्यांनी मोठ्या डॉक्टरांना हाक मारली, डॉक्टरांनी आणखी दोघांना, आणि मी जेली वाळेपर्यंत उघडाच पडून राहिलो.

या डाव्या-उजव्याचा निकाल आईच्या पोटात लागतो, तोही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. गर्भ तेव्हा नुसती चपटी तबकडी असतो. तिच्या मधोमध एक इवलासा खळगा, त्यात सूक्ष्म केस, म्हणजे सिलिया. हे सगळं बारकाईने तपासलं गेलंय ते उंदरात. तिथे असे दोन-तीनशे केस असतात आणि मिनिटाला सहाशेच्या आसपास गिरक्या घेतात, त्याही एकाच दिशेने. पण नुसतं गोल फिरून द्रव जाणार कुठे? गंमत अशी की हे केस सरळ उभे नसतात, शेपटीकडे कललेले असतात. पळी तिरकी धरून ढवळताना ती तळाला घासत गेली की जोर मरतो आणि वरून गेली की आमटी ढकलली जाते, तसंच. केस डावीकडे जातो तो वरून आणि परततो तो तळाला घासत. म्हणून द्रव वाहतो डावीकडे.

एवढ्याशा ओहोळावर पुढचं सगळं ठरतं. डाव्या कडेला नोडल नावाचं जनुक जागं होतं, आणि तो निरोप उजवीकडे फुटू नये म्हणून मध्ये लेफ्टी नावाचं प्रथिन पहारा देतं. आमच्या सोसायटीच्या गेटवर असा एक माणूस मिळाला असता तर!

१९९८ मध्ये टोकियोत हिरोकावांच्या चमूने हे केसच नसलेले उंदीर तयार केले, तर डाव्या-उजव्याची सरळ नाणेफेक होऊ लागली. २००२ मध्ये ओसाकाच्या हमादांच्या चमूने उंदराच्या गर्भांवर मुद्दाम उलटा प्रवाह सोडला आणि धडधाकट गर्भांची हृदयं उलटी वळवून दाखवली. हे वाचल्यापासून मला उंदरांबद्दल जरा भाऊबंदकी वाटते.

याच घराण्यातले केस श्वासनलिकेत कफ वर ढकलतात आणि शुक्राणूची शेपटीही त्याच बनावटीची असते. केसांना हलवणाऱ्या आतल्या इवल्याशा मोटारीतच खोट असेल तर तिन्हीकडे बोंब. उलटी इंद्रियं आणि कायमची सर्दी-खोकल्याची रड यांचं साटंलोटं झुरिकच्या कार्टाजेनर यांनी १९३३ मध्ये मांडलं, मोटारीतली खोट स्टॉकहोमच्या अफझेलियस यांनी १९७६ मध्ये दाखवली, आणि त्याचा जाच मला आजतागायत आहे. प्रत्येक नवा डॉक्टर आधी विचारतो, "सर्दी असते का कायम?" आणि मग आवाज खाली आणून, "मूलबाळ?"

सर्दी मला वर्षातून एकदा, सगळ्यांबरोबर होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ही देते. "दोन आहेत. दोघांची हृदयं डावीकडे आहेत. माझ्यावर गेलीत."

अपेंडिक्सचं दुखणं तर सांगायलाच नको. डावीकडे दुखतंय म्हटल्यावर मला आधी ओवा खायला सांगितलं, मग वजन कमी करायला.

मान मिळतो तो एकाच ठिकाणी, डॉक्टरकीच्या परीक्षेत. एका कॉलेजात मला 'केस' म्हणून बोलावतात. चहा, बिस्किटं, येण्याजाण्याचे पैसे आणि एकच अट, तोंड उघडायचं नाही. पोरं येतात, डावीकडे स्टेथोस्कोप लावतात, काही नीट ऐकू येत नाही म्हणून त्यांच्याच छातीत धडधडायला लागतं. कुणी स्टेथोस्कोप झटकून बघतं, कुणी माझी नाडी धरून मी जिवंत असल्याची खात्री करून घेतं. गेल्या खेपेला एकाचा चेहरा इतका पडला की मला राहवेना. परीक्षक खिडकीकडे वळलेले पाहून मी पुटपुटलो, "उजवीकडे बघ."

त्याने भेदरून विचारलं, "काका, तुमच्या की माझ्या?"