उन्हात उजळणारे अक्षर

माझे वडील थंडीच्या दिवसांत सकाळी अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत असत, आणि ऊन जसजसे सरकेल तसतशी ती खुर्चीही प्राजक्तापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत सरकत जाई. दोन वर्षांपूर्वी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर, वर्तमानपत्राचा बारीक टाइप त्यांना झेपेनासा झाला, म्हणून आम्ही त्यांना मोठ्या पडद्याचा मोबाइल घेऊन दिला. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, ही त्यातली सोय खरीच होती. परंतु अंगणात त्या काचेवर त्यांना आकाश आणि स्वतःचा चेहरा यांखेरीज काही दिसत नसे. त्यामुळे त्यांचे वाचन घराच्या आत, खिडकीपासून दूर, पंख्याखालच्या पलंगावर गेले आणि हळूहळू निम्म्यावर आले. गेल्या कार्तिकात घरात ई-रीडर, म्हणजे केवळ पुस्तके वाचण्याचे यंत्र, आले; त्याचा पडदा ई-इंकचा, म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा. तेव्हापासून खुर्ची पुन्हा अंगणात असते.

हे लिहिण्याचे कारण असे की, ई-रीडर विकत घ्यावा का, असे मला अनेक जण विचारतात, आणि मोबाइल हाताशी असताना या एककामी वस्तूवर पैसे का घालवायचे, हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो. जाहिरातींमध्ये बहुधा रात्रीच्या दिव्याचे, पिवळसर उजेडाचे आणि साठवणीच्या क्षमतेचे कौतुक असते. माझे मत वेगळे आहे. रात्रीच्या वाचनाला अन्य साधने पुष्कळ आहेत; ई-इंकचे मोल उन्हात कळते आणि त्याची पारखही उन्हातच केली पाहिजे.

मोबाइलचा पडदा स्वतःचा प्रकाश बाहेर फेकतो आणि त्याच्या जोरावर आपल्याला अक्षर दिसते. रात्री घरात दोन-तीनशे लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तेव्हा हा प्रकाश पुरेसा ठरतो. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात मात्र सुमारे 1 लाख लक्स प्रकाश पडत असतो आणि पडद्याला थेट सूर्याशी झुंजावे लागते. तो झुंजतो, तापतो, बॅटरी संपवतो आणि फार तापला की स्वतःच मंद होतो. ई-इंकच्या पडद्यामध्ये केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुपी असतात. त्यांच्यातील पारदर्शक द्रवामध्ये पांढरे आणि काळे असे परस्परविरुद्ध विद्युतभाराचे कण तरंगत असतात. पांढरे कण टिटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात जो पदार्थ असतो त्याचेच. खालून विद्युतदाब दिला की हवे ते कण वर येतात आणि दाब काढून घेतल्यावरही तेथेच राहतात, त्यामुळे वीज प्रामुख्याने पान उलटतानाच खर्च होते. आपण वाचतो ते या कणांवरून परावर्तित झालेले बाहेरचे ऊन. जितके ऊन अधिक, तितके अक्षर अधिक ठसठशीत. गॉगल घालून वाचणाऱ्यांनी आणखी एक अनुभव घ्यावा: ध्रुवीकरण करणाऱ्या काचांतून मोबाइलचा पडदा विशिष्ट कोनात धरला की काळवंडतो, ई-इंकचे पान मात्र कसेही फिरवले तरी जसेच्या तसे राहते.

हे तंत्र अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये आकाराला आले आणि 1997 मध्ये त्यातून ई इंक ही कंपनी निघाली. 2004 मध्ये सोनीने जपानमध्ये लिब्री नावाचा ई-रीडर आणला, 2007 मध्ये ॲमेझॉनचे किंडल आले. त्या पहिल्या यंत्रांना स्वतःचा दिवा नव्हताच. पुस्तकाप्रमाणे त्यांनाही उजेडात न्यावे लागे. पडद्याच्या कडेने उजेड देणारे दिवे 2012 च्या सुमारास आले आणि तेव्हापासून चर्चेचा सगळा रोख त्या दिव्यांकडे वळला, याची मला खंत वाटते.

उन्हातही सगळेच सुरळीत होते असे नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या ई-रीडरवर कडक उन्हात पान उलटले की नवे पान फिकट उमटत असे. सावलीत नेऊन पुन्हा उलटले की अक्षर पूर्ववत होई. पडद्यामागचे सिलिकॉनचे सूक्ष्म ट्रान्झिस्टर, म्हणजे कणांना विद्युतदाब देणारी बटणे, प्रकाशाला संवेदनशील असतात आणि पुरेसे झाकलेले नसले तर उन्हामुळे त्यांतून विद्युतभार गळतो, हे मला पुष्कळ नंतर समजले. दुसरी गोष्ट उष्णतेची. अनेक ई-रीडरसाठी 35 अंश सेल्सिअसपर्यंतचेच तापमान योग्य सांगितलेले असते, आणि काळ्या आवरणाची वस्तू उन्हात हवेपेक्षा बरीच अधिक तापते. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात भर दुपारी ती उघड्यावर ठेवणे किंवा गाडीच्या काचेमागे विसरणे योग्य नाही. आपल्याकडे उन्हातील वाचनाचा खरा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा, आणि वेळ सकाळच्या कोवळ्या उन्हाची.

आणखी एक बारकावा अनुभवाने शिकलो. भर ऊन थेट पानावर घेऊ नये. त्या वेळी पांढरा कागदही डोळ्यांना सोसत नाही, मग ई-इंक कशी सोसेल? सूर्याकडे पाठ करून स्वतःची सावली पानावर घ्यावी, किंवा आंब्याखाली, पारावर, ओट्याच्या कडेला बसावे. बाहेरच्या सावलीतही घरातील दिव्याच्या कितीतरी पट उजेड असतो. यंत्र निवडताना पडद्यावर सपाट काच बसवलेली नाही ना, हेही पाहावे. चौकटीत किंचित खोल बसवलेला, खरखरीत पृष्ठभागाचा पडदा दिसायला साधा असतो, परंतु आकाश त्यात उमटत नाही. दुकानात तो दिव्याखाली पाहून समाधान मानू नये, दाराबाहेर नेऊन पाहावा.

वडिलांच्या वयाच्या वाचकांसाठी तर हा विषय सोयीच्या पलीकडचा आहे. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि नेत्रभिंग पिवळसर होते. शस्त्रक्रियेने भिंग बदलले तरी बाहुली लहानच राहते. तरुणाला पुरणारा उजेड वृद्धाला पुरत नाही. त्याला मोठे अक्षरही हवे आणि भरपूर उजेडही. छापील पुस्तक उन्हात नेता येते, परंतु त्याचा टाइप वाढवता येत नाही. मोबाइलवर टाइप वाढतो, परंतु तो उन्हात नेता येत नाही. या दोन्ही गरजा एका वेळी भागवणारी वस्तू मी तरी दुसरी पाहिलेली नाही, आणि ज्यांच्या घरी वाचनवेडे वृद्ध आहेत त्यांनी हा खर्च चैनीत धरू नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

आता तक्रार, आणि ती उन्हाविषयी नाही. अंगणात बसलेल्या मराठी वाचकासमोर पडद्यावर काय उघडावे, हा आमच्या घरातील रोजचा प्रश्न आहे. डिसेंबर 2016 पासून किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे मिळू लागली, आणि इंचाला 300 बिंदूंच्या आजच्या पडद्यावर रफार, रुकार आणि ‘ष्ट्य’सारखी जोडाक्षरे छपाईइतकी नेटकी दिसतात. तरीही असंख्य मराठी पुस्तके केवळ पीडीएफ स्वरूपात आहेत. ती पाने एक तर जुन्या प्रतींची छायाचित्रे असतात, किंवा युनिकोड ही संगणकावरील अक्षरांची सर्वमान्य पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेली असतात. अशा पानावर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि ई-इंकवर पान इकडे-तिकडे सरकवणे फार संथ असते. वडील दोन ओळींतच कंटाळतात. अक्षर वाढवल्यावर ओळी आपोआप नव्याने जुळतील अशी युनिकोडमधील ईपब (ई-पुस्तकांचे एक स्वरूप) आवृत्ती काढणे आज प्रकाशकांना अशक्य नाही. छापील पुस्तकाची जुळणी संगणकावरच होत असताना हा एक टप्पा राहून जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तोपर्यंत मी माझ्यापुरती एक वाट काढली आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे उलटलेली पुस्तके आपल्याकडे स्वामित्वहक्कातून मुक्त होतात आणि त्यांतील अनेक मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात आहेत. तेथील पाने मूळ छायाचित्राशी ताडून शुद्ध केली की पुस्तक ईपब म्हणून उतरवून घेता येते. वडिलांना हव्या असलेल्या एका जुन्या प्रवासवर्णनाची चार पाने मी रोज रात्री तपासतो. निम्मे पुस्तक झाले आहे, आणि झालेला भाग त्यांनी केव्हाच वाचून संपवला आहे.