आत्येचा आवाज आणि साडेतेरा हजारांचं बिल

गेल्या आठवड्यात गणपतीच्या आधीची साफसफाई चालली होती, मी माळ्यावरची भांडी खाली देत होते आणि फोनवर बँकेचा मेसेज आला की उद्या तुमच्या कार्डावरून साडेतेरा हजार कापले जाणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे निदान २४ तास आधी मेसेज येतो म्हणून कळलं, नाहीतर पैसे गेल्यावरच समजलं असतं. हे पैसे आमची वंशावळ मी जिथे मांडलीय त्या वेबसाइटचे. २०१६ साली मी मेंबर झाले तेव्हा वर्षाचे साडेतीन हजार होते, मग पाच झाले, मग आठ, आणि आता हे. साइटचं नाव लिहीत नाही, पण मनातलं सगळं लिहिणार आहे.

आमचं माहेर गुहागर तालुक्यातलं. पणजोबांच्या हातची एक जुनी चोपडी घरात आहे, अर्धी मोडीत, अर्धी बाळबोधीत, खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला. त्यात पुरुषांची नावं पिढीमागून पिढी नीट लिहिलीयत, आणि मुलींच्या जागी काय, तर "कन्या ३". बस. नाव नाही, कुठे दिली ते नाही, जगली की गेली ते नाही. छापलेले कुलवृत्तांत मी बघितलेत, त्यातही घरात आलेली सून दिसते ती सासरच्या नावाने, तिचं माहेरचं नाव शोधत बसा. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागलं तर इतर हक्कात, आणि तेही हक्कसोड होईपर्यंतच. ह्या वेबसाइटवर पहिल्यांदा मला मुलीसाठी मुलाएवढाच चौकोन दिसला, माहेरचं नाव लिहायला वेगळी जागा, तिच्या मुलाबाळांना पुढे फांदी. मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागी होते.

मग २०१७ च्या मे महिन्यात आत्येकडे गेले. ती ८४ वर्षांची. पडवीत रातांबे फोडत बसली होती, सालं एका सुपात, बिया टोपात. मी फोन तिच्या बाजूला ठेवून रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, तुझ्या आत्यांची नावं सांग. ती म्हणाली, "लिही गो बाय, माका विचारणारी तूच पयली." अकरा मिनिटांत तिने नऊ बायकांची नावं सांगितली जी कुठल्याच कागदावर नव्हती. आजोबांची एक बहीण पंधराव्या वर्षी बाळंतपणात गेली, तिचं नाव आत्येला तिच्या आईने सांगितलेलं. ते सगळं मी साइटवर टाकलं, आवाजासकट.

आणि तेव्हा साइट खरंच चांगली होती हो, हे प्रामाणिकपणे सांगते. आमच्या तालुक्याचं नाव इंग्रजीत चार तऱ्हेने लिहिलेलं होतं, मेंबर लोकांनीच बसून ते एक केलं, फुकट. पुण्यातले एक काका मोडीचा फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत वाचून द्यायचे. आमचे एक चुलत आजोबा बोटीने मोंबासाला गेले ते गेलेच असं घरात म्हणत, त्यांचा नातू कॅनडातून ह्याच साइटवर सापडला आणि त्याला गावाचं नावसुद्धा धड उच्चारता येत नव्हतं, पण आमच्या देवीचं नाव त्याच्या आजीने त्याला पाठ करून ठेवलेलं.

मग मालक बदलले. मेंबरांची चर्चेची जागा बंद केली, मोडीवाले काका तिथून गेले, तक्रार केली की मशीनचं उत्तर येतं. देवनागरी जोडाक्षरं फुटून चौकोन दिसतात. सर्च तर इतका बिघडलाय की माझ्या आजोबांशी जुळणारा माणूस म्हणून इंग्लंडातला कोणीतरी दाखवतात. आणि ह्या सगळ्यावर फी चढती. वर कार्डाचा परदेशी चलनाचा चार्ज, त्याच्यावर जीएसटी, तो वेगळाच.

सगळ्यात लागलं ते हे की ऑडिओ आता वरच्या प्लॅनमध्ये टाकलाय. आत्ये २०२१ ला गेली. माझा तो फोन पावसात भिजून मेला. म्हणजे तिचा आवाज फक्त तिथे, आणि तो ऐकायला मी पैसे भरायचे. गेल्या वर्षी तेवढ्यासाठीच भरले.

सर्व्हरला खर्च येतो हे मला कळतं. सगळं फुकट द्या असं मी म्हणत नाही. फॅमिलीसर्च ही वंशावळीची साइट फुकट चालते कारण तिच्यामागे अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चचा पैसा आहे, हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळीच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंगसुद्धा त्यांनी १९७७ पासून केलं. सगळ्यांना ते शक्य नाही. पण कापड आमचं, शिलाई आमची, तुमचं फक्त कपाट, तर कपाटाचं भाडं घ्या ना, रास्त असेल तर आनंदाने देऊ, किल्ली का काढून घेता? हा धंदा आता मोठ्या पैशाचा झालाय, अॅन्सेस्ट्री ही वंशावळीची मोठी साइट २०२० साली ब्लॅकस्टोन ह्या गुंतवणूक कंपनीने ४७० कोटी डॉलरला घेतली. ट्वेंटी-थ्री-अँड-मी ही डीएनए तपासणारी कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा लोकांना प्रश्न पडला की आपल्या माहितीचं आता काय होणार. आमची साइट ह्यांतली नव्हे, पण तो प्रश्न मला रोज पडतो.

मुंबईचा चुलतभाऊ म्हणाला, परवडतं त्यांनी भरावं, नाही त्यांनी सोडावं. अरे पण नावं कोणाला माहीत असतात? गावात राहिलेल्या म्हाताऱ्या बायकांना, गुरवांना, ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांना. फी वाढली की आधी तीच माणसं गळतात, आणि मग राहतात ते फक्त शोधणारे, सांगणारं कोणी नाही. हल्ली कुणबी दाखल्यासाठी १९६७ च्या आधीचा पुरावा शोधत लोक वणवण फिरतायत, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही बघ, शाळेचं जनरल रजिस्टर बघ. वेबसाइटचं झाड कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही, पण पणजी कुठल्या गावची हे त्यावरून कळलं तर कुठल्या शाळेत जायचं तेवढं तरी कळतं.

मी ऑटो-पे बंद केलाय. चार रात्री बसून सगळं उतरवून घेतलं. ज्यांची झाडं तिथे असतील त्यांनी नीट वाचा: जेडकॉम नावाची फाइल मिळते, ती साधी मजकुराची असते, ग्रॅम्प्स ह्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडते, पण तिच्यात नावं, नाती, तारखा असा मजकूरच येतो, फोटो आणि आवाज येत नाहीत. ते एकेक करून वेगळे काढावे लागतात, आणि आमच्या साइटवर आवाजाचं बटण मोबाइलवर दिसतच नाही, कॉम्प्युटरवरून करा. मुदत संपायच्या आत करा.

आत्येची फाइल उतरल्यावर मी आणि दादाने ऐकली. टोपात बिया पडतायत ते ऐकू येतं. दादा उठून बाहेर गेला.

गौरीला सगळ्या माहेरवाशिणी येतील, ओवसे असतील, घर भरलेलं असेल. मी झाडाचे कागद छापून माजघरात ठेवणार आहे, पेन सोबत. आपापल्या आजीला, पणजीला आधी विचारून या. सहा नावं अजून लागत नाहीत, तिथे मी पणजोबांनी लिहिलेलं "कन्या" एवढंच ठेवलंय.